सुतकात दिलेली किल्ली

"तां कार्ड माज्याकडे नाय," दाजी परब म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

ओटीवर आम्ही तिघंच होतो. दाजी झोपाळ्यावर, त्यांची सून विनयावहिनी माजघराच्या दाराशी, आणि मी खालच्या पायरीवर, घाटी चढून आल्यामुळे धापा टाकत. वहिनी त्याच सकाळी एसटीने कोल्हापूरहून आल्या होत्या. तिकडे त्यांची मैथिली इस्पितळाच्या खाटेवर होती, आणि तिला मावशीच्या भरवशावर सोडून त्या फक्त या एका कार्डासाठी एवढ्या लांब आल्या होत्या.

मी दाजींना विचारलं, हरवलं का? तर हरवलं नाही. मोडलं? मोडलंही नाही. मग आहे कुठे, यावर त्यांनी पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे एक घाव दोन तुकडे. कोकणात नोकरीला येऊन मला तेव्हा बऱ्यापैकी दिवस झाले होते, पण प्रश्नाला उत्तर म्हणून पान खायला लावायची ही तऱ्हा काही अंगवळणी पडली नव्हती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी कोळंबगावच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळायचे. हॉस्पिटल म्हणजे खालच्या बाजारपेठेतली एक कौलारू इमारत, तिला मागून जोडलेला स्लॅबचा वॉर्ड, आणि पुढे सात-आठ उंच पायऱ्या. पण या एवढ्याशा जागेतल्या नोंदी बँकेच्या तिजोरीसारख्या बंद होत्या, आणि त्याला कारण होतं.

कोळंबगावात कुणाच्या घरी काय शिजतंय हे शेजारणीला फोडणीच्या वासावरून कळतं. तिथे आजार झाकून ठेवणं अवघडच. एकदा एका मुलीचा रिपोर्ट हॉस्पिटलातून बाहेर फुटला आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं. डॉक्टर प्रभुदेसाईंनी, म्हणजे ज्यांनी हे हॉस्पिटल उभं केलं त्यांनी, ते फार मनाला लावून घेतलं. शहरातून माणूस आणून त्यांनी रुग्णांच्या सगळ्या नोंदी कुलूपबंद करून घेतल्या. किल्लीशिवाय कुणी उघडल्या तर समोर नुसता अक्षरांचा काला दिसायचा. ही किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, आणि तो सर्व्हरच्या पोटात. सर्व्हरच गेला तर काय, म्हणून किल्लीचाही बॅकअप हवा. पण तो एकाच माणसाच्या हाती दिला तर कुंपणच शेत खायचं.

डॉक्टरांना याचं उत्तर देवळात सापडलं. गावच्या देवळात देवाच्या दागिन्यांची पेटी आहे. तिला तीन कुलपं, आणि तीन किल्ल्या तीन मानकऱ्यांच्या घरी. पालखीच्या दिवशी मानकरी जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. डॉक्टरांनी तसंच केलं. किल्लीचा बॅकअप तीन कार्डांत वाटला. कार्डं दिसायला एटीएमच्या कार्डासारखी. एकट्या कार्डाला शून्य किंमत, पण तिन्हींतली कुठलीही दोन एकत्र लावली की किल्ली पुन्हा तयार. तीनही लागतील असं मात्र त्यांनी ठेवलं नाही. देव थांबतो, रोगी थांबत नाही, असं ते म्हणायचे म्हणे.

एक कार्ड डॉक्टरांनी स्वतःकडे ठेवलं. दुसरं दाजी परबांना दिलं, कारण ते हॉस्पिटलच्या ट्रस्टचे अध्यक्ष आणि गावचे मानकरी. तिसरं आंजेलीन सिस्टरना, ज्या तिथे पहिल्या दिवसापासून मुख्य परिचारिका होत्या. पुढे डॉक्टर वारले. त्यांचं कार्ड सर्व्हरलाच खोचलेलं राहिलं आणि तसंच ते माझ्या ताब्यात आलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर एका दुपारी वीज पडली आणि सर्व्हर, त्यातली किल्ली, डॉक्टरांचं कार्ड, सगळं जळून गेलं. नोंदींची प्रत सावंतवाडीला सुखरूप होती. तिजोरी शाबूत आणि किल्लीचा कोळसा, अशी गत. तरी मी फार घाबरले नाही. दोन कार्डं आहेत, सवडीने गोळा करू, असं म्हणत होते. तेवढ्यात कोल्हापूरहून फोन आला.

मैथिली ही दाजींची नात. लहान असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रभुदेसाईंनी तिला इथेच औषधं दिली आणि पोर बरी झाली. आता ती चौदा वर्षांची, आणि आजार परत आला होता. कोल्हापूरच्या नव्या डॉक्टरांना तिला लाल औषध द्यायचं होतं. बाटलीत लाल दिसतं म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. ते गुणाला येतं, पण हृदयावर घाव घालतं, म्हणून जन्मभरात मिळून किती द्यायचं याला मर्यादा असते. पूर्वी किती दिलं होतं, एवढाच डॉक्टरांचा प्रश्न होता. कमी धरलं आणि जास्त दिलं गेलं तर पोरीचं काळीज बंद पडणार. भिऊन दिलंच नाही तर आजार तिला नेणार. आणि औषध सोमवारी सुरू करायचं होतं.

कागदी फाईल कधीच नाहीशी झाली होती. मैथिलीचे वडील, म्हणजे दाजींचा मुलगा दिगू, ती फाईल मोटारसायकलच्या पिशवीत घालून घाटी उतरत होते. पाऊस होता. खालच्या साकवावर, म्हणजे ओहोळावरच्या छोट्या पुलावर, गाडी घसरली. फाईल ओहोळातून वाहून गेली आणि दिगू त्याच रात्री हॉस्पिटलात वारले. लेकीचं औषध तेव्हा अर्ध्यावर होतं. नवरा जायच्या आधीचं सगळं वहिनींना तारखेसकट पाठ होतं. त्यानंतरच्या दिवसांचं मात्र काहीच नाही. त्या दिवसांत पोरीला हॉस्पिटलात कुणी नेलं, किती वेळा नेलं, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. "एकदा दिलं असेल बहुतेक," एवढं त्यांनी कोल्हापुरात सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर त्यांना स्वतःच्याच बोलण्याची भीती वाटली होती.

तर त्या ओटीवर दाजी सुपारी कातरत होते, मी आतल्या आत चडफडत होते, आणि वहिनी दारातून पुढे आल्या.

"बाबानू," त्या म्हणाल्या, "माजा चेडू हातचा जायत."

दाजींच्या हातातला अडकित्ता थांबला. तो त्यांनी पानाच्या डब्यात ठेवून दिला.

"दिगू गेलो तेवा घरात सुतक पडला," शेवटी ते म्हणाले. "सुतकात किल्ली घरात ठेवूची नसता. मी ती दुसऱ्या मानकऱ्याकडे पाठयलंय. सिस्टरकडे."

मी कपाळावर हात मारायचीच बाकी होते. मी म्हटलं, दाजी, ती काही देवाची किल्ली नव्हती, कॉम्प्युटरची होती.

"पेटी तशीच मां? मानकरी तसेच. मगे रीत दुसरी कशी असतली?"

मग सुतक फिटल्यावर ती परत का आणली नाही, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी अभद्र बोलले असावे. वहिनींनीच मला समजावलं. सुतकात दिलेली किल्ली मागायची नसते. ज्याच्याकडे दिली त्याने सुतक फिटलं की नारळ आणि विडा घेऊन ती दारात आणून द्यायची असते. आपण होऊन मागायला जायचं म्हणजे आपला मान गेला असं कबूल करायचं. गावात अशा एका किल्लीपायी दोन घरं पिढीभर बोलत नव्हती.

"म्हणजे तुम्ही इतकी वर्षं वाट बघत बसलात?"

"बसलंय," दाजी म्हणाले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे शाळेत शिकले होते. माणसाच्या रूपात ते प्रथमच बघत होते. खरं सांगायचं तर मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला.

घाटी उतरताना वहिनींनी मला बाकीचं सांगितलं, तेव्हा तो राग जरा ओशाळला. दिगू गेले त्या दिवशी संध्याकाळी बापलेकांचं वाजलं होतं. पालखी जवळ आली होती आणि परबांच्या मुलाने तिला खांदा द्यायचा, हा घरचा मान. दिगू म्हणाले, यंदा माझ्याने व्हायचं नाही, मी पोरीला घेऊन कोल्हापूरला जाणार. दाजी म्हणाले, मग मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. दिगू फाईल उचलून निघाले. दिवेलागणीला अपघात झाला, टेम्पोवाल्याने त्यांना हॉस्पिटलात पोचवलं. घरी मात्र रात्रभर कुणीच कळवलं नाही. सकाळी माणूस सांगायला आला, तो दिगू गेल्याचंच.

"बाबा धावत गेले," वहिनी म्हणाल्या. "पायऱ्यांवर सिस्टर उभ्या होत्या. बाबांनी विचारलं, माका रात्री कित्याक नाय उठवलास? सिस्टर नुसत्या उभ्या. एक शब्द नाही. त्या दिवसापासून बाबा त्या पायऱ्या चढलेले नाहीत."

ते मला ठाऊक होतं, फक्त कारण माहीत नव्हतं. ट्रस्टच्या अध्यक्षांच्या सह्या घ्यायला आमचा शिपाई कायम घाटी चढून जायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याचे गुडघे दुखत असतील.

सिस्टर तेव्हा निवृत्त होऊन चर्चच्या मागच्या आळीत एकट्या राहत होत्या. आम्ही गेलो तेव्हा अंगणात सुकी मासळी उन्हाला घालून, हातात काठी घेऊन त्या कावळ्यांवर राखण करत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. मैथिलीचं नाव ऐकताच त्यांनी वहिनींचा हात धरला आणि मी बोलायची थांबेपर्यंत सोडला नाही. मग काठी वहिनींच्या हाती देऊन आत गेल्या आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात रुमालात गुंडाळलेली दोन कार्डं होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण मला आनंद व्हायच्या आधी घाम फुटला. दोन कार्डं एका घरात म्हणजे सगळं हॉस्पिटल उघडं. डॉक्टरांनी एवढा खटाटोप ज्यासाठी केला तेच एका बिस्किटाच्या डब्यात विरघळलं होतं.

"सिस्टर, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एकट्या कुणाचीही नोंद उघडू शकला असतात?"

"दोन किल्ल्यो दोन माणसांसाठी असतत, बाय," त्या म्हणाल्या. "एकाच्या हातात इल्यो म्हणान तेचो हक्क दुप्पट होणा नाय."

मी खाली बघितलं. मग त्यांना किल्लीची रीत सांगितली, नारळ, विडा आणि दारात आणून द्यायचं ते सगळं. सिस्टर ऐकता ऐकता खुर्चीवर बसल्याच. दाजींचा गडी तेव्हा केळीच्या पानात कार्ड आणि नारळ घेऊन आला होता, पायरीवर ठेवून न बोलता निघून गेला होता. सिस्टरना वाटलं, दाजींनी संबंध तोडले. तुमच्या हॉस्पिटलाचं काही आमच्या घरात नको, असाच त्याचा अर्थ त्यांनी लावला.

"आमच्यात सुतक नाय गो," त्या म्हणाल्या. "माका कोण सांगतला?"

आयुष्यभर एकाच गावात राहून, एकाच विहिरीचं पाणी पिऊन, एका घरची रीत दुसऱ्या घराला ठाऊक नव्हती. आणि विचारायचं कुणीच नाही. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

सिस्टर चांगलं पातळ नेसल्या. नारळ घरात होता, विड्याची पानं आम्ही बाजारातून घेतली, आणि रिक्षा करून तिघी पुन्हा घाटी चढलो. साकवावरून जाताना सिस्टरनी डोळे मिटून घेतले आणि क्रुसाची खूण केली.

दाजी झोपाळ्यावरच होते. आम्हाला बघून उभे राहिले. सिस्टरनी ताटलीत नारळ, विडा आणि ते कार्ड मांडून ओटीच्या कडेला ठेवलं.

"दाजी, उशीर झालो," त्या म्हणाल्या.

दाजींनी दोन्ही हातांनी कार्ड उचललं आणि कपाळाला लावलं. एरवी त्या प्लास्टिकच्या तुकड्याला कुणी असं कपाळाला लावलं असतं तर मी आठवडाभर हसले असते. त्यांनी वहिनींना गूळपाणी आणायला सांगितलं. सिस्टर उभ्याउभ्याच पाणी प्यायल्या. मग कुणी काही न सांगता दाजींनी खुंटीवरची टोपी घेतली.

"चला," ते म्हणाले. "चेडवाक उशीर नको."

हॉस्पिटलच्या पायऱ्यांपाशी ते थांबले. मला वाटलं, आता फिरले मागे. पण त्यांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या, कठडा धरला आणि एकेक पायरी चढत वर आले. वहाणा कशाला काढल्या ते मी विचारलं नाही. वरच्या पायरीवर सिस्टर बाजूला झाल्या आणि त्यांना आधी आत जाऊ दिलं.

माझी खोली म्हणजे जुनी औषधांची कोठी. नवा कॉम्प्युटर टेबलावर होता, सावंतवाडीची प्रत मी आधीच त्यावर चढवून ठेवली होती. मी सिस्टरचं कार्ड लावलं, ते चाललं. दाजींचं लावलं, आणि पडद्यावर आलं की कार्ड वाचता येत नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. वहिनी माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. खाऱ्या हवेत इतकी वर्षं पडलेल्या कार्डाच्या पितळी चकतीवर काळपट थर चढला होता. मी पेन्सिलीचं खोडरबर घेऊन ती हलक्या हाताने घासली. ते कार्ड गेलं असतं तर तिसरं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला यंत्राने ते घेतलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावरचा अक्षरांचा काला सरकायला लागला आणि त्यातून माणसं वर आली. नाव, गाव, वय, ताप, खोकला, बाळंतपण. कोळंबगाव सगळं आजारी आणि सगळं बरं होत असलेलं. मी मैथिलीचं नाव शोधलं.

दिगू गेल्यानंतरच्या त्या दिवसांत तिला लाल औषध एकदा नव्हे, तीनदा दिलं गेलं होतं. डॉक्टरांनी सुतक पाळलं नव्हतं, पोरीचा एकही दिवस चुकवला नव्हता. प्रत्येक नोंदीखाली देणाऱ्याचं नाव आंजेलीन सिस्टरचं होतं. नंतर कळलं, दर वेळी त्यांनीच तिला शेजारणीकरवी बोलावून घेतलं आणि परत पाठवलं होतं. आता इतकी वर्षं गेल्यावर नेमका आकडा त्यांनाही सांगता आला नसता, आणि अंदाजाने सांगायला त्या तयार नव्हत्या.

मी कोल्हापूरला फोन लावला आणि आकडे एकेक करून वाचले. पलीकडच्या डॉक्टरांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाले, "बरं झालं थांबलो. आईच्या हिशोबाने गेलो असतो तर..." पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं. लाल औषध आता द्यायचं नाही, दुसरा मार्ग धरू, तो लांबचा आहे पण आहे, असं त्यांनी सांगितलं.

मैथिली वाचली, हे आत्ताच सांगून टाकते. वर्षभर तिचे फार हाल झाले, केस गेले, शाळेचं वर्ष गेलं, पण ती आहे. ही गोष्ट मात्र तिथे संपली नाही.

मी सगळं पुन्हा बंद करायला घेतलं. तेव्हा दाजी, जे तोवर कोपऱ्यातल्या स्टुलावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते, हळूच म्हणाले, "दिगूचाव असतला मां ह्याच्यात?"

मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. वहिनींकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. बाप आणि बायको, दोघांचाही हक्क होता आणि दोन्ही किल्ल्यांचे मालक खोलीत हजर होते. मी दिगंबर परब हे नाव शोधलं.

"माका चष्मो नाय," दाजी म्हणाले. "तू वाच."

मी आधी मनात वाचलं, आणि पहिल्या ओळींपाशीच थांबले. तेवढ्यात सिस्टर बोलायला लागल्या. पडद्याकडे पाठ करून, हात मांडीवर घट्ट धरून, डॉक्टरांची नोंद त्या तोंडपाठ म्हणत होत्या.

"आणले तेव्हा रुग्ण शुद्धीवर. छातीला व पोटाला मार. वडिलांना रात्री कळवू नये, अशी विनंती करतो."

दाजींनी मान डोलावली. फार दिवसांपासून जे ऐकायची भीती होती तेच ऐकल्यावर माणूस जसा शांत होतो, तसे ते दिसले. मला तेव्हा कळलं की यांनी सिस्टरना पुन्हा कधीच का विचारलं नव्हतं. त्या कार्डाची वाट बघणं आणि त्या कार्डाला भिणं ही दोन्ही कामं त्यांनी एकाच वेळी केली होती.

"माका म्हायत होता," ते म्हणाले. "मीच तेका सांगलंय, तोंड दाखव नको म्हणान." आणि टोपी घेऊन उठायला लागले.

"बसा दाजी," सिस्टर म्हणाल्या. "फुडे आसा."

ते अर्धवट उठलेले तसेच थांबले.

"घाटीत पाणी आहे. त्यांना रात्रीचे दिसत नाही. कळले तर ते कसेही करून येतील, असे म्हणतो. सकाळी उजाडल्यावर कळवावे."

मी पडद्यावर बघितलं. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

दाजी स्टुलावर बसले. वहिनींनी पदर तोंडात धरला होता. बाहेर वॉर्डात कुणीतरी कुणाला चहा विचारत होतं, ते स्पष्ट ऐकू आलं.

"माका सांगलास कित्याक नाय?" दाजींनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त वाईट वाटलं.

"त्या दिवशी पायरेर तुमी विचारलास तेवा तोंडातसून शब्दच येय ना," सिस्टर म्हणाल्या. "मगे डॉक्टरांका म्हटलंय, तुमी सांगा. तेंका सांगूक जमला नाय, फुडे ते गेले. आणि त्याच दिवसांत तुमचा कार्ड इला होता. मी म्हटलंय, ह्यांका आता माजा काय आयकूचाच नाय." त्या थांबल्या. "आणि खरा सांगू, दाजी? माका वाटला होता, तो वाचतलो. डॉक्टरांकाव वाटला होता. म्हणान तेचा ऐकलंय. तो जाता म्हणान कळला असता तर ऐकलंय नसतंय. तुमका उचलून हाडलंय असतंय."

सिस्टर रडत होत्या. मी इतक्या वर्षांत त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि काय करावं ते मला सुचलं नाही, म्हणून मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दाजी खिडकीतून बाहेर बघत होते. तिथून घाटीची शेवटची दोन वळणं दिसतात आणि खाली साकव. पावसाचं पाणी ओसरून ओहोळ अगदी बारीक झाला होता. एखादं पोरसुद्धा उडी मारून ओलांडेल एवढा.

"मी इलो असतंय," ते म्हणाले. मग आम्ही कुणी खोटं म्हणत असल्यासारखं पुन्हा म्हणाले, "काळोख काय आणि पाणी काय. मी इलो असतंय, सिस्टर."

"तां तेका म्हायत होता," सिस्टर म्हणाल्या.